वेदनेची वही

जानेवारीची रात्र आहे. नार्नूरच्या घराघरांतून धूर निघतोय. आदिलाबादची थंडी तेलंगणात नाव काढून आहे, आणि कापूस वेचून झाला की जाळायला पऱ्हाट्यांना तोटा नसतो. तुम्ही अंगणात शेकोटी पेटवली आहे. ओसरीत बाजेवर माय पडली आहे. कॅन्सर हाडांत उतरलाय. तिच्या डाव्या दंडावर पोस्टाच्या तिकिटाहून थोडी मोठी, पातळ पारदर्शक पट्टी चिकटवलेली आहे. फेंटानिलचा पॅच, तासाला २५ मायक्रोग्रॅम.

"बाबू, बाज जरा विस्तवाजवळ घे. लय गारठले मी."

तुम्ही बाजेला हात घालता आणि थबकता. मायच्या उशाशी शंभर पानी वही आहे. घरी येऊन गेलेल्या नर्सबाईंनी पहिल्याच पानावर लाल पेनाने लिहून ठेवलंय: पॅचला शेक लागू देऊ नका. खाली रकाने आखलेत. तारीख, पॅच कधी लावला, कुठे लावला, दुखणं दहापैकी किती, शौचाला झाली का, मिनिटाला श्वास किती. शेक का नको, ते मात्र लिहिलेलं नाही.

तुम्ही वही खिशात घालता आणि काड्या आणायला मागचं दार उघडता. बाहेर पऱ्हाट्यांचा ढीग नाही. बाहेर १८९४ साल आहे.

१८९४ : गुंज

आदिलाबाद नावाचा जिल्हा अजून झालेला नाही. हा मुलूख निजामाचा आहे, खिशात हाली सिक्का चालतो आणि साग इतका दाट की दुपारीही पायवाट अंधारी. आत ओसरीत माय तशीच कण्हते आहे, फक्त बाजेवर गोधडीऐवजी घोंगडी आहे. आजाराला नाव नाही. गाठ आली, फुटली, आता हाडं दुखतात, एवढंच सगळ्यांना ठाऊक. तिच्यासाठी काहीतरी आणायला तुम्ही बाजाराच्या गावाची वाट धरता.

परवानेवाला अफू विकणारा चिमुकला तराजू घेऊन बसलाय. एका पारड्यात लाल, टोकाला काळी गुंजेची बी. दुसऱ्या पारड्यात तपकिरी काळा, चिकट, उग्र वासाचा गोळा. आठ गुंजांचा मासा, बारा मासे म्हणजे तोळा. तो गुंजभर अफू पानात बांधून देतो आणि लाल कापडात बांधलेली चोपडी उघडून लिहितो: कोणी नेली, किती नेली, पैसे किती आले. सरकारचा महसूल आहे, एक गुंज इकडची तिकडे होऊन चालत नाही.

याच काळात गोऱ्या सरकारचाही मोठा हिशेब चालू आहे. १८९३ साली नेमलेलं अफू कमिशन हिंदुस्थानभर सातशेहून अधिक साक्षीदार तपासतं आहे. १८९५ मध्ये ते सांगणार आहे की इथली माणसं बहुतेक बेतानेच अफू खातात, बंदीची गरज नाही. ज्या धंद्यातून तिजोरी भरते त्याबद्दल तिजोरीच्या मालकाने असाच निकाल द्यावा, यात नवल कसलं?

तुम्ही पान उघडून बघता. एक गुंज म्हणजे साधारण १२० मिलिग्रॅम. कच्च्या अफूत शेकडा दहाच्या आसपास मॉर्फिन असतं, म्हणजे या इवल्या गोळीत बारा-एक मिलिग्रॅम आलं. तुमच्या काळातला डॉक्टर पहिल्यांदा मॉर्फिन सुरू करताना एका वेळी पाच ते दहा मिलिग्रॅम देतो. आकडा जवळपासच आहे की! पण या खेपेची अफू शेकडा आठची असेल आणि पुढच्या खेपेची चौदाची, तर गुंज तीच राहील आणि डोस जवळजवळ दुप्पट होईल. तराजू वजन सांगतो, जोर सांगत नाही.

शेजारी एक म्हातारा बसलाय. अफीमची. रोज सकाळी तीन-चार गुंजा घेतो आणि शेतावर जातो. "मला काय होते? तुमच्या मायलाही द्या की तेवढीच," तो हसून म्हणतो. त्याचं शरीर वर्षानुवर्षांच्या अफूने बनलंय. तेवढीच गोळी मायला दिली तर ती सकाळी उठणार नाही. ही गोष्ट गावात कुणाला समजावून सांगता येत नाही, पण प्रत्येकाला असा एखादा मृत्यू आठवतो.

खरं तर मोजण्याची किल्ली नव्वद वर्षांपूर्वीच सापडली आहे. १८०५ च्या सुमारास जर्मनीत एका औषधविक्याच्या सेर्ट्युर्नर नावाच्या तरुण मदतनिसाने अफूतून तिचं सत्त्व वेगळं काढलं आणि ग्रीकांच्या स्वप्नांच्या देवावरून त्याला मॉर्फिन हे नाव मिळालं. पुढे १८१७ साली त्याने आपला प्रयोग छापला: स्वतः आणि तीन पोरांनी थोड्या थोड्या वेळाने ते घेतलं आणि चौघेही मरता मरता वाचले. त्या दिवसापासून अफूचा जोर आकड्यात धरता येऊ लागला. पण तो आकडा अजून या जंगलात पोचलेला नाही. तुम्ही पानाची पुडी घेऊन परत निघता. मायला त्यातली अर्धीच देता, अंदाजाने. ती झोपते. रात्रभर तुम्ही तिच्या नाकापुढे हात धरून बसता.

चोपडीत तुमच्या नावापुढे एक गुंज लिहिली गेली. मायचं दुखणं किती होतं आणि किती उतरलं, त्याला चोपडीत रकाना नाही.

१९२२ : बाळगोळी

दार पुन्हा उघडता तेव्हा समोर समुद्राचा दमट वारा आणि गिरणीचा भोंगा. परळची चाळ आहे, दहा बाय दहाची खोली. या वेळी तुम्ही बाई आहात. कडेवर आठ महिन्यांचं लेकरू आहे आणि खात्यावर पोचायला पाच मिनिटं उशीर झाला तर मुकादम हजेरी मांडणार नाही. दहा-अकरा तासांची पाळी. गिरणीत लेकरू नेता येत नाही, घरी ठेवायला कुणी नाही. शेजारची म्हातारी सांभाळते, पण तिच्याकडे आणखी चार आहेत.

"रडला तर मी काय करू? देऊन जा गं, सगळ्याच देतात."

कोपऱ्यावरच्या दुकानात बाळगोळी मिळते, मोहरीहून थोडी मोठी आणि काळी. आत अफू आहे हे सगळ्यांना माहीत. किती आहे हे कुणालाच नाही, बनवणाऱ्यालाही नाही. तुम्ही ती बोटावर दुधात घोळवता आणि लेकराच्या तोंडात टाळूला लावता. थोड्या वेळाने त्याची मूठ सैल पडते.

आता त्या कोवळ्या शरीरात काय चाललंय ते बघा. श्वास घ्यायला आपण कुणाला सांगत नाही. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला की मेंदूचा बुंधा आपणहून फुप्फुसांना हुकूम सोडतो: घे. अफू वेदनेचा निरोप थोपवते तशीच या बुंध्यालाही पेंग आणते. हुकूम उशिरा सुटतो, मग आणखी उशिरा. बाहेरून दिसताना लेकरू शांत झोपलेलं दिसतं. डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालेली असते, पण झोपलेल्या लेकराची पापणी उचलून कोण बघतं? भुकेची हाकही त्याच गुंगीत बुडते. दूध मागायलाही ते रडत नाही आणि महिन्यामहिन्याने वाळत जातं.

मुंबई सरकारने गिरणीकामगार बायांच्या पाहणीसाठी डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरला नेमलं. १९२२ मध्ये त्यांचा निष्कर्ष छापून आला: या बायांच्या शंभरातल्या ९८ बाळांना अफू दिली जाते. वाचणारा शहरी वाचक त्या आयांना अडाणी म्हणून मोकळा झाला असेल. तुम्ही मात्र आत्ता भोंगा ऐकताय आणि तुमच्या बोटाला ती काळी चिकटाई लागलेली आहे. गिरणीच्या मस्टरवर तुमची पाळी मिनिटाच्या हिशेबाने लिहिलेली आहे. लेकराला किती दिलं, कधी दिलं, ते लिहायला तुमच्याकडे कागद नाही, घड्याळ नाही आणि वेळही नाही.

संध्याकाळी परत येता. म्हातारी दारात उभी आहे आणि काहीच बोलत नाही.

तुम्ही आत न जाता वळता आणि दुसरं दार शोधता.

१९९७ : कुलूप

मधली वर्षं चटचट मागे पडतात. १९४८ मध्ये निजामी गेली. १९५६ च्या १ नोव्हेंबरला भाषेवरून राज्यं पाडली गेली. आदिलाबादपासून किनवट आणि राजुरा तोडून मराठी मुलखाकडे नेले, नार्नूर तेलुगू मुलखातच राहिलं. घरात मराठी, कचेरीत तेलुगू, पाटीवर कधी दोन्ही. अफूची दुकानं बंद झाली, ते बरंच झालं. मग १९८५ साल येतं आणि १४ नोव्हेंबरपासून अमली पदार्थांचा नवा कायदा लागू होतो: एनडीपीएस. कागदात चूक निघाली तरी कमीत कमी दहा वर्षं सक्तमजुरी. मॉर्फिन ठेवायचं तर रुग्णालयाला दोन-दोन खात्यांचे चार-पाच परवाने, आणि सगळे एकाच वेळी चालू असायला हवेत. पाचवा हातात पडेपर्यंत पहिल्याची मुदत संपते.

त्याच्या पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या वेदनेची तीन पायऱ्यांची शिडी जगापुढे ठेवली. खालच्या पायरीवर साध्या गोळ्या, मध्ये सौम्य अफूजन्य औषधं, वरच्या पायरीवर मॉर्फिन. तोंडाने, घड्याळाच्या ठोक्याला. शिडी आली तेव्हा आपण वरची पायरी काढून टाकली होती.

तुम्ही आता १९९७ मध्ये एका मोठ्या शहराच्या औषधबाजारात उभे आहात. मायला एस. टी. ने आणलंय, तिने पूर्ण वाट पदराचा बोळा दातांत धरून काढली. हातातल्या चिठ्ठीवर मॉर्फिनच्या गोळ्या लिहिल्यात. हे सहावं दुकान.

"मॉर्फिन? नाही ठेवत, भाऊ." दुकानदार चिठ्ठी परत सरकवतो. "तपासणीला आले तर कोण उत्तर देणार? कशाला लफडं?"

तो वाईट माणूस नाही. त्याच्या धाकाचा हिशेब देशाच्या आकड्यांत दिसतो: कायद्यानंतरच्या बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वापर ९७ टक्क्यांनी घसरला आणि १९९७ मध्ये अख्ख्या भारतात मिळून जेमतेम १८ किलो उरला. इकडे नीमच आणि मंदसोरच्या शेतांत सरकारी परवान्याने खसखशीची बोंडं डवरलेली आहेत आणि भारताची कायदेशीर अफू परदेशांतल्या औषध कारखान्यांना जाते आहे. ज्या देशात ते पिकतं तिथल्या मायला ते मिळत नाही.

काहींनी कुलपाशी झटापट चालूच ठेवली. १९८६ मध्ये वांद्र्याला डॉ. एल. जे. डिसूझांनी शांती आवेदना आश्रम काढला, देशातलं पहिलं हॉस्पिस. १९९३ मध्ये कालिकतला डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमनाची संस्था उभारली आणि मॉर्फिन मोजून दिलं, लिहून ठेवलं, तर ते घराघरात सुरक्षित राहतं हे दाखवून दिलं. पण नार्नूरपासून ही दोन्ही ठिकाणं फार दूर आहेत. गावातला आरएमपी, म्हणजे बिनपदवीचा डॉक्टर, एक सुई टोचतो, ती तासाभरात उतरते.

तुमच्या उजवीकडे आणखी एक दार किलकिलं आहे. डोकावा, पण आत जाऊ नका. अमेरिका आहे. १९९६ मध्ये पर्ड्यू फार्मा या कंपनीने ऑक्सिकॉन्टिन नावाची जोरदार गोळी बाजारात आणली आणि तिचे विक्रेते डॉक्टरांना सांगत फिरले की व्यसनाची भीती नगण्य आहे. पाठदुखी, गुडघेदुखी, दाताचं दुखणं, सगळ्याला तीच गोळी. २००७ मध्ये कंपनीने न्यायालयात दिशाभूल कबूल केली. तोवर गावंच्या गावं अडकली होती. पुढे चोरट्या फेंटानिलने ती जागा घेतली आणि २०२१ मध्ये तिथे एका वर्षात अशा कृत्रिम अफूजन्य औषधांनी सत्तर हजारांहून अधिक माणसं मेली. तिकडे विक्रीची वही होती, इकडे जप्तीची. दोन्हीकडे पान भरलेलं होतं आणि दोन्हीकडे मायच्या दुखण्याचा रकाना कोरा होता.

आज : पॅच

शेवटचं दार तुमच्याच ओसरीत उघडतं. शेकोटी अजून धगधगते आहे.

मध्ये काय बदललं? २०१४ च्या सुरुवातीला संसदेने कायदा दुरुस्त केला. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं अत्यावश्यक ठरली आणि मान्यताप्राप्त संस्थेला एकाच खिडकीवरून एकच मंजुरी पुरेशी झाली. त्याच वर्षी २ जूनला तेलंगण राज्य झालं. हैदराबादच्या एमएनजे कॅन्सर रुग्णालयात वेदनाशमनाचं काम उभं राहिलंच होतं. राज्याने जिल्ह्याजिल्ह्यांत केंद्रं काढली आणि नर्सबाई गाडीने घरोघर जाऊ लागल्या. म्हणून तुमच्या मायच्या दंडावर हा पॅच आहे.

आता वही उघडा. तुम्ही जे बघून आलात ते तिच्या प्रत्येक ओळीत आहे.

फेंटानिल १९६० च्या सुमारास बेल्जियमच्या पॉल यान्सेन यांनी बनवलं. मॉर्फिनपेक्षा ते पन्नास ते शंभर पट जोरदार, म्हणून मिलिग्रॅममध्ये नाही, मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. मायला ते थेट दिलेलं नाही. आधी तिला मॉर्फिनच्या गोळ्या होत्या. आठवडाभर तरी दिवसाला ६० मिलिग्रॅम मॉर्फिन ज्याचं शरीर पेलतंय, त्यालाच हा पॅच चालतो. ढोबळ हिशेबाने रोजच्या पाच गुंजा अफूचा जोर त्या तिकिटाएवढ्या पट्टीत आहे. बाजारातला तो अफीमची आठवतो ना? त्याचा डोस नवख्याला मारतो. म्हणून शेजारच्या काकांची कंबर कितीही धरली आणि त्यांनी कितीही हात जोडले, तरी मायचा पॅच त्यांना लावायचा नाही.

एक पॅच ७२ तास चालतो. पहिला लावल्यावर गुण यायला बारा ते चोवीस तास जातात, म्हणून घाईने दुसरा लावायचा नाही. नवा लावण्याआधी जुना काढायचा, जागा बदलायची, कात्रीने कधी कापायचा नाही. त्वचेवर तेल नको, साबण नको, साध्या पाण्याने पुसून कोरडी करायची. काढल्यावरही कातडीखाली साठलेलं औषध बराच वेळ रक्तात उतरत राहतं.

आणि शेक. कातडी तापली की तिच्यातल्या रक्तवाहिन्या फुलतात, पॅचमधलं औषध भराभर सुटतं, आणि तीन दिवसांचा हप्ता ठरल्याहून जास्त वेगाने आत जाऊ लागतो. ताप १०४ वर गेला तरी रक्तातलं औषध साधारण एक तृतीयांशाने वाढू शकतं. शेकोटी, गरम पाण्याची पिशवी, उन्हात टाकलेली बाज, सगळ्यांचा परिणाम तोच. नर्सबाईंची लाल ओळ परळच्या खोलीतल्या त्या झोपलेल्या लेकराबद्दलच होती.

दुसरा धोका घोटात असतो. मोहाची दारू, झोपेची गोळी, आणि शिंदी. तेलंगणात शिंदीत अल्प्राझोलाम हे गुंगीचं औषध मिसळल्याची प्रकरणं पुन्हा पुन्हा पकडली गेली आहेत. अल्प्राझोलामही श्वासाला पेंग आणतं. पाहुणा प्रेमाने अर्धा ग्लास पुढे करील, तो हसून परत करायचा.

औषधाने बद्धकोष्ठ होणारच, म्हणून पोट साफ ठेवायचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत असतं. वहीतला शौचाचा रकाना त्यासाठी आहे. सुरुवातीला मळमळ होते, गुंगी येते, ती बहुतेकांची काही दिवसांत ओसरते. आणि माय दर आठवड्याला विचारते तो प्रश्न: "बाबू, मला याची लत तर नाही लागणार?" शरीराला सवय होईल, म्हणून पॅच मनाने एकदम बंद करायचा नाही; डॉक्टर हळूहळू उतरवतात. लत म्हणजे दुखणं नसताना त्याच्यामागे धावणं, लपवणं, वाढवत जाणं. कॅन्सरची वेदना मोजून, लिहून उतरवली तर तसं क्वचितच होतं. पण घरात आणखी कुणी तरुण आहे का, पॅचचं पाकीट कुठे ठेवलंय, किती उरलेत, हेही वहीतच लिहायचं आणि पेटीला कुलूप लावायचं. १९९७ चं कुलूप चुकीच्या दाराला होतं. हे बरोबर आहे.

वापरलेल्या पॅचमध्येही एखादं रांगतं पोर दगावेल एवढं औषध उरलेलं असतं. चिकट बाजू आतल्या आत दुमडून तो डब्यात ठेवायचा आणि नर्सबाईंच्या हाती परत द्यायचा. उकिरड्यावर नाही.

आता बाज हलवा, पण विस्तवापासून लांब. मायच्या अंगावर दुसरी गोधडी घाला, पायांत मोजे चढवा. दंड शेकोटीच्या उलट बाजूला असू द्या.

"ऊब आली का गं?"

"आली." ती डोळे मिटते. "आता नाही दुखत."

दहापैकी दोन, तुम्ही लिहिता. मग कंदिलाच्या उजेडात तिची छाती वरखाली होताना मोजता. एक पूर्ण मिनिट. चौदा.

तुमच्याही घरात असा पॅच किंवा मॉर्फिनची गोळी असेल, तर आज रात्री एक वही काढा. तारीख, वेळ, जागा, दुखणं, श्वास. मिनिटाला श्वास आठाखाली गेला, हाका मारूनही माणूस उठेना, घशातून घरघर येऊ लागली किंवा ओठ निळे पडले, तर पॅच ओढून काढा, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. नालोक्झोनचं इंजेक्शन रुग्णालयात मिळतं आणि ते श्वास परत आणतं. त्याचा असर लवकर संपतो, म्हणून बरं वाटलं तरी लगेच घरी आणू नका. आणि दुखणं दहापैकी सात झालं तरी गप्प बसू नका. तेही त्याच वहीत लिहा आणि डॉक्टरांपुढे उघडून ठेवा.